नोकरी जाण्याआधी आणि गेल्यानंतर: नाशिकच्या कामगार-कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी या पट्ट्यातील कारखान्यांत व कार्यालयांत काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. सातपूरच्या एका कारखान्यात सतरा वर्षे काढल्यावर मी स्वतः कपातीत बाहेर पडलो. तेव्हापासून अशा प्रसंगातून जाणाऱ्यांची कागदपत्रे पाहणे आणि त्यांच्यासोबत कार्यालयांत जाणे हे काम मी करतो. या काळात एक गोष्ट सतत दिसली: माणसाचे सर्वांत मोठे नुकसान नोकरी गेल्याने होते त्यापेक्षा अधिक, ती जात असताना घाईने केलेल्या सहीने होते.

१. नोकरी जाणार आहे, हे आधी कसे ओळखावे?

खात्रीशीर खूण एकही नसते, पण काही गोष्टी एकापाठोपाठ दिसू लागल्या की सावध व्हावे. ओव्हरटाइम बंद होतो, तिसरी पाळी दुसऱ्या पाळीत मिळवली जाते, कंत्राटी कामगारांना ब्रेक (सेवेत मुद्दाम पाडलेला खंड) मिळतो आणि नवे घेतले जात नाहीत, माल पुरवणारे वेंडर थकलेल्या बिलांसाठी गेटवर थांबू लागतात. नाशिकचे बरेचसे छोटे कारखाने वाहनांचे आणि विद्युत उपकरणांचे सुटे भाग बनवतात, त्यामुळे मोठ्या कंपनीची मागणी घटली की त्याची झळ आधी या वेंडरांकडील कामगारांना बसते. सर्वांत स्पष्ट खूण मात्र आपल्या मोबाइलमध्ये असते. भविष्य निर्वाह निधीचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. पासबुकात दोन-तीन महिन्यांचा भरणा दिसत नसेल, तर कंपनीच्या गल्ल्यात पैसा उरलेला नाही असे समजून तयारीला लागावे.

२. नोकरी अजून आहे. आजच काय करून ठेवावे?

नियुक्तीपत्र, कायम केल्याचे पत्र, पगारवाढीची पत्रे, मागील किमान एक वर्षाच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ यांच्या प्रती घरी आणून ठेवाव्यात. कंपनीचा ई-मेल बंद झाला की त्यातले काहीही हाती लागत नाही, म्हणून पगारपावत्या वेळीच स्वतःच्या ई-मेलवर घ्याव्यात. कंपनीची रेखाचित्रे, ग्राहकांच्या याद्या किंवा अन्य गोपनीय कागद मात्र चुकूनही घेऊ नयेत, कारण तेच पुढे बडतर्फीचे कारण ठरू शकते.

दुसरे काम भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचे. आधारवरचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि नोकरीला लागल्याची तारीख खात्यातील नोंदीशी अक्षरशः जुळली पाहिजे. एका गृहस्थांच्या आधारवर ‘भाऊसाहेब’ आणि खात्यात ‘भाऊराव’ असे होते. हे लक्षात येईपर्यंत कंपनीला टाळे लागले होते आणि दुरुस्तीच्या अर्जाला मान्यता देणारे कोणी उरले नव्हते, त्यामुळे त्यांचे पैसे कित्येक महिने अडकले. अशी दुरुस्ती कंपनी सुरू असताना फार सोपी असते. वारसाची नोंद आणि स्वतःचा मोबाइल क्रमांकही त्याच वेळी तपासून घ्यावा.

३. किती महिन्यांचा खर्च बाजूला असावा?

सहा महिन्यांचा असावा असे सांगतात, पण पंचवीस हजारांच्या पगारात ते जमणे अवघड असते. तीन महिन्यांचे घरभाडे किंवा घरहप्ता, किराणा, शाळेची फी आणि औषधे एवढ्याचा हिशेब करून ती रक्कम बँकेच्या वेगळ्या खात्यात ठेवली, तरी पुष्कळ धीर राहतो. प्रश्न १ मधील खुणा दिसू लागल्यावर नवी गाडी, नवे कर्ज आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

४. ले-ऑफ, कामगार कपात, राजीनामा आणि बडतर्फी यांत फरक काय?

बोलताना लोक सगळ्यालाच ‘ले-ऑफ’ म्हणतात, पण कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम, कच्चा माल किंवा वीज नसल्यामुळे तात्पुरते घरी बसवणे होय. त्यात नोकरी कायम राहते आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. कपात म्हणजे कामगाराचा दोष नसताना नोकरी संपवणे, आणि तीत नोटीस व भरपाई दोन्ही देणे बंधनकारक असते. बडतर्फी गैरवर्तनाबद्दल होते, त्याआधी आरोपपत्र आणि चौकशी व्हावी लागते. राजीनामा आपण स्वतः देतो, म्हणून त्यात कपातीची भरपाई मिळत नाही. हातात पडलेल्या कागदावर यांपैकी कोणता शब्द आहे, ते सर्वांत आधी वाचावे. पुढचे सगळे त्या शब्दावर अवलंबून असते.

५. एचआरने बोलावून राजीनामा लिहून मागितला आहे. ‘नाहीतर रेकॉर्ड खराब करू’ असे सांगतात. सही करावी का?

त्या खोलीत, त्या क्षणी करू नये. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

असे प्रसंग बहुधा सारखेच घडतात. दुपारच्या जेवणानंतर बोलावणे येते, टेबलावर छापील राजीनामा आणि पेन तयार असते, मोबाइल बाहेर ठेवायला सांगितलेला असतो आणि समोर दोन-तीन माणसे बसलेली असतात. ‘आजच सही केलीत तर दोन पगार जास्त देऊ’ असे सांगितले जाते. माणूस घाबरून सही करतो. वीस वर्षे नोकरी केलेल्या कामगाराची कपातीची भरपाई त्या दोन पगारांच्या कितीतरी पट असू शकते, हे त्याला रात्री घरी हिशेब मांडल्यावर समजते.

अशा वेळी शांतपणे म्हणावे, ‘साहेब, मला हा कागद घरी नेऊन वाचायचा आहे, दोन दिवसांची मुदत द्या.’ वाद घालू नये, आवाज चढवू नये आणि कागद फाडू नये. बाहेर पडल्यावर त्याच दिवशी, काय घडले ते तारीख, वेळ आणि उपस्थितांच्या पदांसह कंपनीला ई-मेलने किंवा पोस्टाने पोच मिळेल अशा पद्धतीने कळवावे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर जावे. गेटवर अडवले तर तेही लेखी कळवावे, कारण घरी बसून राहिल्यास ‘कामगार स्वतःहून गैरहजर राहिला’ असे म्हणण्याची सोय कंपनीला होते. सही आधीच झाली असेल, तर ती दबावाखाली घेतल्याचे त्वरित, शक्यतो त्याच दिवशी लेखी कळवून प्रश्न १६ मध्ये सांगितलेल्या कार्यालयात जावे.

काही वेळा कंपनीने देऊ केलेली रक्कम खरोखर चांगली असते आणि ती स्वीकारणेच शहाणपणाचे ठरते. प्रश्न ६ प्रमाणे आपला हिशेब आधी मांडून मगच ते ठरवावे.

६. कपात झाली तर मला काय काय मिळायला हवे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या कायद्यांची नावे बदलली तरी मुख्य हक्क बऱ्याच अंशी तेच आहेत. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळते. शेवटचे सहा महिन्यांहून अधिकचे अपुरे वर्ष पूर्ण धरले जाते. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. तीनुसार पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी आणखी रक्कम कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, याहून वेगळी असते आणि ती राजीनामा दिला तरी मिळते. साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. शेवटच्या वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. समजा वेतन १८,००० रुपये आणि सेवा ११ वर्षे ७ महिने, म्हणजे हिशेबासाठी १२ वर्षे आहे, तर ग्रॅच्युइटी सुमारे १,२४,६१५ रुपये होते. कायद्यातील कमाल मर्यादा २० लाख रुपयांची आहे आणि रक्कम ३० दिवसांत द्यायची असते.

याशिवाय काम केलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि लागू असल्यास बोनस हे ‘फुल अँड फायनल’मध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात येते. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत दिले पाहिजे. ‘सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य असलेल्या कागदावर रक्कम खात्यात जमा होण्याआधी सही करू नये.

७. मी कंत्राटदाराकडे आहे. दर सात महिन्यांनी ब्रेक मिळतो. मला काहीच हक्क नाहीत का?

हक्क आहेत, पण ते सिद्ध करणे कठीण जाते. आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल, तर ती एक वर्षाची सलग सेवा मानली जाते. ब्रेक त्याच्या आतच दिला जातो, त्याचे कारण हेच आहे. हजेरीचा पास, गेटपास, पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक हे आपले पुरावे होत. कंत्राटदाराने पगार थकवला तर मूळ कंपनीची जबाबदारी येते, त्यामुळे तक्रारीत दोघांचीही नावे घालावीत.

ठरावीक मुदतीच्या करारावर थेट कंपनीने नेमले असेल, तर गोष्ट वेगळी. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतरही सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. मुदत संपल्यामुळे करार न वाढवणे ही मात्र कपात मानली जात नाही.

८. मी सुपरवायझर आहे, किंवा आयटीत इंजिनिअर आहे. हे सर्व मला लागू होते का?

पदाचे नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे, ते पाहिले जाते. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतनावर देखरेखीचे काम करणारे औद्योगिक संबंध संहितेच्या दृष्टीने ‘कामगार’ नसतात. नावापुढे ‘एक्झिक्युटिव्ह’ लावलेला, पण दिवसभर स्वतःच तांत्रिक काम करणारा मनुष्य कामगार ठरू शकतो. जे कामगार ठरत नाहीत, त्यांना कपातीची भरपाई नियुक्तीपत्रातील अटींप्रमाणे मिळते. म्हणून ते पत्र वकिलाला दाखवावे. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी यांना ही अट नाही.

९. भविष्य निर्वाह निधीचे पैसे लगेच काढावेत का?

घरात चूल पेटण्याचा प्रश्न असेल तर जरूर काढावेत, ते आपलेच आहेत. पण सगळे काढण्याची घाई करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने घेतलेल्या निर्णयानुसार, बेरोजगार झाल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली २५ टक्के १२ महिन्यांनंतर काढता येते. पाच वर्षांपेक्षा कमी सेवेत रक्कम काढल्यास तिच्यावर कर लागू शकतो, मात्र कंपनी बंद पडणे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी जाणे यात त्यातून सूट आहे. म्हणून कपातीचे पत्र जपून ठेवावे.

पेन्शनच्या भागाबद्दल विशेष सांगतो. एकूण दहा वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क मिळतो. नऊ वर्षे झालेल्या माणसाने थोड्या रकमेसाठी पेन्शनचा भाग काढून घेतला, तर त्याची मागची सगळी वर्षे पुसली जातात. तो भाग राहू द्यावा आणि नवीन नोकरी लागल्यावर तोच यूएएन क्रमांक (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा सदस्य क्रमांक) द्यावा.

१०. ईएसआय बंद होईल का? बेकारीचा भत्ता मिळतो असे ऐकले आहे.

ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, उपचार नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी थांबत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जूनमध्ये, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. त्यामुळे घरात चालू उपचार असतील तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात चौकशी करून ते पूर्ण करून घ्यावेत.

भत्ता म्हणजे ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’. विमा किमान बारा महिने असेल आणि आधीच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम कमाल ९० दिवस मिळते. अर्ज बेरोजगारीचे ३० दिवस झाल्यावर करता येतो आणि हा लाभ आयुष्यात एकदाच घेता येतो. गैरवर्तनामुळे नोकरी गेली असेल किंवा ती स्वतः सोडली असेल तर तो मिळत नाही. प्रश्न ५ मधील सही इथेही आड येते. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्जापूर्वी शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

११. कंपनीचा मेडिक्लेम गेला. आईची शस्त्रक्रिया व्हायची आहे.

शेवटच्या कामाच्या दिवसाआधीच विमा कंपनीकडे गट विम्यातून वैयक्तिक विम्यात बदल मागावा, म्हणजे जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळात मागील वर्षे धरली जातात. दुसरा आधार महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचा, तीत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळतात. दाखल करण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून ती शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते विचारावे.

१२. घरी कसे सांगू?

त्याच संध्याकाळी सांगावे. मी हे केले नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझी नोकरी गेली तेव्हा मी अकरा दिवस घरी काहीच बोललो नाही. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायचो आणि सोमेश्वरला गोदावरीच्या काठी जाऊन बसायचो. दुपारी डबा उघडला की घास उतरत नसे, आणि भरलेला डबा घरी नेला तर प्रश्न होतील म्हणून पोळ्या तिथल्या कुत्र्यांना घालायचो. बाराव्या दिवशी पत्नीने डब्यात चिठ्ठी ठेवली होती: ‘कुठे बसता ते मला माहीत आहे. जेवून घरी या.’ तिला आठवडाभर आधीच कळले होते. मी तिला त्रास होऊ नये म्हणून लपवत होतो, आणि ती मला अवघडायला होऊ नये म्हणून गप्प होती.

आधी जोडीदाराला सांगावे, नंतर आई-वडिलांना आणि मुलांना. मुलांना वयाप्रमाणे, पण खरे सांगावे. ‘बाबांच्या कारखान्यातले काम कमी झाले, बाबा दुसरे काम शोधत आहेत, तुझी शाळा चालू राहील’ एवढे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळते. नातेवाइकांच्या लग्नात ‘सध्या कुठे?’ असे कोणी विचारले, तर ‘कपातीत गेली, शोधतोय, काही असेल तर सांगा’ असे सरळ म्हणावे. मला पुढचे काम अशाच एका हळदीच्या मांडवात समजले.

झोप पूर्ण उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.

१३. घराचा हप्ता कसा भरू?

पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत लेखी अर्ज आणि कपातीचे पत्र घेऊन जावे. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा कर्जाची पुनर्रचना करणे बँकेच्या हाती असते. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत) ठरते आणि मग शाखेतील अधिकाऱ्याचे हात बांधले जातात. आधी घरहप्ता, मग इतर, असा क्रम ठेवावा. हप्ता भरण्यासाठी मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज घेऊ नये. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

१४. वय ४७ आहे. आता मला कोण घेणार?

मोठ्या कंपन्यांच्या कायम जागा या वयात सहसा मिळत नाहीत, हे खरे आहे आणि ते लपवून उपयोग नाही. पण डाय सेटिंग, मेंटेनन्स, टूल रूम, क्वालिटी आणि स्टोअर यांत मुरलेला माणूस छोट्या कारखान्याला हवा असतो, कारण त्याला शिकवावे लागत नाही. अशा जागांची जाहिरात क्वचितच येते. जुने सहकारी, वेंडर, ट्रान्सपोर्टवाले आणि मशीन दुरुस्त करणारे यांनाच त्या आधी कळतात. पन्नास जणांची यादी करावी आणि रोज पाच जणांना फोन करावा. बायोडाटात ‘कष्टाळू, प्रामाणिक’ असे लिहिण्यापेक्षा कोणती मशीन चालवली, किती टनांची प्रेस हाताळली आणि रिजेक्शन कितीवरून कितीवर आणले, ते लिहावे.

राज्य सरकारच्या महास्वयं संकेतस्थळावर नाव नोंदवावे, म्हणजे रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते. शिक्षण अर्धवट राहिले असेल, तर नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम काम करत करत पूर्ण होतात. स्वतःचा व्यवसाय करायचा असल्यास जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्यावी, तीत प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान असते. ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम धंद्यात घालू नये, हा माझा आग्रह आहे.

१५. गावाकडे दोन एकर आहे. नोकरी सोडून द्राक्षबाग लावावी का?

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडील अनेकांच्या मनात हा विचार येतो. बाग आधीपासून उभी असेल आणि भाऊ ती पाहत असेल, तर ऑक्टोबर छाटणीपासून मालापर्यंतचे काही महिने तिथे हातभार लावणे चांगले. त्यात मजुरीही वाचते आणि मनही रमते. नवीन बाग मात्र लोखंड, ठिबक आणि रोपे यांवर लाखो रुपये आधी मागते, पैसा पुढे देते, आणि एका अवकाळी पावसात किंवा गारपिटीत वर्ष जाते. कांद्याचे भाव लासलगावला कसे फिरतात, ते शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको. शेती ही हप्ते फेडण्याची सोय नव्हे. शेतीवर यायचेच असेल, तर भरपाईची रक्कम संपण्याआधी घरात दुसरे एखादे नियमित उत्पन्न उभे राहील, अशी व्यवस्था करूनच यावे.

१६. तक्रार कुठे आणि किती दिवसांत करावी?

कपात, सक्तीचा राजीनामा आणि थकलेले वेतन यांसाठी सातपूर आयटीआय सिग्नलजवळील उद्योग भवनातील कामगार उपायुक्त कार्यालयात, तर भविष्य निर्वाह निधीसाठी सातपूर औद्योगिक वसाहतीतील विभागीय कार्यालयात जावे. नव्या संहितेत नोकरी गेल्यापासून दोन वर्षांच्या आत वाद नेता येतो. समेट ४५ दिवसांत झाला नाही, तर कामगार थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. तरीही मी तीस दिवसांच्या आत जा असेच सांगतो, कारण साक्षीदार पांगतात आणि हजेरीची पुस्तके गहाळ होतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

१७. कंपनी रातोरात बंद झाली. मालकाचा फोन लागत नाही. तीन पगार थकले आहेत.

एकेकट्याने धावपळ करू नये. सर्वांनी मिळून थकबाकीची यादी करावी, गेटवरील नोटिशीचा तारखेसह फोटो काढावा आणि प्रश्न १६ मधील दोन्ही कार्यालयांत एकत्र अर्ज द्यावा. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे मुदतीत दावा दाखल करावा लागतो. मुदत चुकली की नाव यादीत घालणे अवघड होते. कंपनी विकून पैसे वाटताना कामगारांची मागील २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीने धरली जाते, आणि भविष्य निर्वाह निधीची देणी त्या वाटपाच्या बाहेर असतात.

१८. बाळंतपणाच्या रजेवर असताना कमी केले. हे चालते का?

नाही. प्रसूती रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा त्या स्त्रीला मारक ठरेल असा सेवाशर्तींत बदल करणे बेकायदेशीर आहे. ‘सर्वांबरोबर कपात झाली’ असे सांगितले तरी लेखी हरकत घेऊन लगेच प्रश्न १६ प्रमाणे जावे.

१९. नवीन नोकरी लागली, पण जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकलेली नाही. आता काय?

शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले असतील, तर भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य संकेतस्थळावर ‘मॅनेज’ या भागात ‘मार्क एक्झिट’ हा पर्याय निवडून आधारच्या ओटीपीने आपणच ती तारीख नोंदवू शकतो. शेवटचा भरणा ज्या महिन्याचा आहे, त्याच महिन्यातील तारीख निवडावी आणि दोनदा तपासावी, कारण एकदा टाकलेली तारीख सहज बदलता येत नाही. त्यानंतरच जुने खाते नव्यात हस्तांतरित करण्याचा अर्ज भरावा.